कापसाच्या खोलीतला ढावलो

सहावी धून कुठं आहे, असं लोक मला विचारतात. विचारणारे तसे मोजकेच. नुसत्या बासरीच्या धुना शेवटपर्यंत ऐकणारे असतात किती? पण जे आहेत ते नेमकं हेच विचारतात, कारण अल्बम यायच्या आधी मीच अक्कल पाजळून सहा नावांचा कागद मोबाइलवर टाकला होता. सहाव्या ओळीत 'ढावलो' असं लिहिलं होतं. आता कुणी विचारलं की मी म्हणतो, पाचच होत्या. फारच खोदलं तर चिडतो. एकाला तर सरळ म्हटलं, "बाप्पा, पहिल्या पाच तरी पुऱ्या ऐकल्या का तू?" मग मलाच दिवसभर वाईट वाटत राहिलं.

खरं म्हणजे ती सहावी धूनच आधी डोक्यात होती. बाकीच्या पाच तिच्यासाठी जागा करायला आल्या. याडीचा ढावलो बासरीवर घ्यायचा, एवढ्यासाठी मी हा सगळा खटाटोप मांडला होता. तो मिळाला नाही. म्हणजे, देत होती ती. मीच घेतला नाही. ते कसं झालं ते एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या विचारणाऱ्यावर खेकसायला नको.

आमचा तांडा बाभुळगावच्या आतल्या अंगाला. माझ्या आज्याच्या बापापर्यंतची माणसं बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायची, असं सांगतात. आम्ही काही फिरत नाही. कापूस पेरतो, सोयाबीन पेरतो, तूर पेरतो. घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी आणि शाळेत पुस्तकातली मराठी, अशा तीन जिभा आमच्या तोंडात असतात. आईला आम्ही याडी म्हणतो. ती जे बोलली ते गोरबोलीत बोलली. इथं मी ते वऱ्हाडीत लिहितो, म्हणजे तुम्हालाही कळेल आणि मलाही लिहिताना जरा सोपं जाईल.

ढावलो म्हणजे नवरीनं बापाचं घर सोडताना रडायचं रडणं. पण ते सुरात. आमच्यात बाई रडते ती गाऊनच रडते. ढावल्यात पोरगी एकेकाचं नाव घेते, बापाचं, भावाचं, दाराचं, विहिरीचं, आणि प्रत्येकाला विचारते की मला काहून काढून देता. पूर्वी लग्न ठरलं की म्हाताऱ्या बाया पोरीला जवळ घेऊन तो शिकवायच्या. सुरात रडता आलं नाही तर सासरी हसायचे म्हणे. आणि याचा एक कायदा आहे: जी जाणार असेल तिनंच म्हणायचा. उगाच, करमत नाही म्हणून, कुणी ढावलो म्हणत नाही.

माझ्या बहिणीला तो येत नाही. ती बारावी शिकली, तिच्या लग्नात डीजे होता, निघायच्या वेळी तो इतका जोरात वाजत होता की ती रडली का नाही हेही कुणाला ऐकू आलं नाही. याडीच्या ते फार मनाला लागलं. तेव्हापासून बहीण केळापूरकडून माहेरी आली आणि परत निघाली की याडी तिला गळ्याशी धरायची आणि तिच्या वाटचं आपण रडायची. दोन ओळी, फार तर तीन. बहीण लाजून म्हणायची, "याडी, ऑटोवाला पाहून राह्यला." याडी म्हणायची, "पाहू दे. तुहं राह्यलेलं फेडून राह्यली मी."

त्या दोन-तीन ओळी माझ्या कानात वर्षानुवर्षं होत्या. मी वीस-बावीस वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बासरी वाजवली. दुसऱ्यांच्या चाली, दुसऱ्यांच्या वराती. तरी मध्येच बोटं त्या ओळींवर जायची. पंचमावरून खाली घसरणारा एक सूर आहे त्यात, तो घसरता घसरता थांबतो, आणि पुढचं काही येत नाही. मला पुढचं हवं होतं. पुरा ढावलो हवा होता, तिचा स्वतःचा, ती या तांड्यात आली तेव्हा म्हटलेला.

मी विचारलं तेव्हा ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती.

"याडी, तुहा ढावलो म्हणून दाखव ना मले."

"कायले?"

"बासरीवर बसवतो."

तिनं माझ्याकडं वेड्याकडं पाहावं तसं पाहिलं. "ढावलो जाणारीनं म्हणा लागते रे पोट्ट्या. मी कुठी जाऊन राह्यली?"

"नुसती चाल सांग."

"चाल गिल नसते त्याची. जवा निघीन तवा म्हणीन. तवा आयकजो."

एवढं बोलून शेंगा सोलायला लागली. विषय संपला. मी म्हटलं, बरं, एक दिवस मानेल. माझी याडी काही इतकी कडक नव्हती.

तोवर बाकीच्या धुना करायला घेतल्या. राजूरला माझा एक मित्र आहे, आमच्याच ऑर्केस्ट्रात मिक्सरवर बसायचा. त्यानं घरातच एक खोली केली आहे रेकॉर्डिंगची. तिथं पहिली धून केली. आता राजूरला रेकॉर्डिंग करणं म्हणजे काय सांगावं! दिवसभर दारावरून कोळशाचे ट्रक, आणि दुपारी खाणीत ब्लास्टिंग झालं की खिडकीच्या काचा दाण दाण हलणार. पहिल्या धुनेच्या शेवटच्या सुराखाली एक हादरा आहे, बारीक. कुणाला कळत नाही. मला कळतो. मित्रानं तो काढायचा फार प्रयत्न केला, मग कंटाळून म्हणाला, "तू आपल्या घरीच जाऊन कर बावा. हे घे." आणि हातात मावेल असा एक रेकॉर्डर दिला. वर दोन माइक, बाजूला बॅटरीचे चार बारके दिवे, पुरी भरली की चारही हिरवे. लॅपटॉपवर काय कसं कापायचं, साफ करायचं, तेही शिकवलं. शेवटी एक गोष्ट निक्षून सांगितली. "बासरीवाल्याचा दम लय घाण वाजते. एकेक दम शोधून काढून टाकजो. नुसता सूर ठेवजो."

ते मी शहाण्यासारखं ऐकलं.

घरी यायचं म्हटलं तरी जागा कुठं होती? तांड्यात कोंबडे, शेळ्या, पाण्याची मोटार, कुणाचा तरी टीव्ही. जागा सापडली ती कापसामुळं. भावानं त्या हंगामाचा कापूस मधल्या खोलीत भरला होता, जमिनीपासून पार आढ्यापर्यंत. दारातून आत जायला तेवढी एक बोळ ठेवलेली. एकदा आत काही शोधायला गेलो आणि भावाला हाक मारली, तर माझाच आवाज मला ओळखू येईना. कानाला चिकटून आल्यासारखा. मी टाळी वाजवली. टाळी हातातच मेली. कुठून काही परत आलं नाही. मी बोळीत उभा राहून वेड्यासारख्या टाळ्या वाजवत होतो आणि भाऊ दारात येऊन म्हणाला, "काय रे, कापसाची आरती करून राह्यला का?"

मोठमोठ्या स्टुडिओत भिंतींना जे काय लावतात, ते आमच्या घरात ढिगानं भरलेलं होतं. मी कापसात एक कोनाडा उकरला, स्टूल ठेवलं, अंगावर पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, कारण भरलेल्या कापसात बसलं की अंगाला जी खाज सुटते ती ज्याला माहीत त्यालाच माहीत. रोज दुपारी, सगळे वावरात गेले की, मी आत बसायचो.

पहिले चार-पाच दिवस काहीच जमलं नाही. बासरीवाल्याला सवय असते, की सोडलेला सूर भिंतीवरून थोडा परत येतो आणि त्याच्यावर पुढचा सूर ठेवता येतो. इथं सूर सोडला की गेला. प्रत्येक सूर एकटा. बोट अर्ध्या केसाएवढं उशिरा उठलं तरी ते ऐकू यायचं. इतकी वर्षं आपण वाजवतो म्हणजे काय, तर मांडवातला गोंगाट आणि इको आपल्याला सांभाळून घेतो, हे मला तिथं कळलं. फार खजील वाटलं. एक दिवस बासरी कोनाड्यातच टाकून उठलो.

याडी दारात बसली होती. मला माहीतच नव्हतं. ती उंबऱ्याशी बसून कवडी निवडत होती, म्हणजे कीड लागलेला, पिवळा पडलेला कापूस वेगळा काढत होती. म्हणाली, "काहून थांबला? बरं लागून राह्यलं होतं."

"बेसूर होऊन राह्यलं याडी."

"होऊ दे. मले कुठी कळते."

मग ती रोज यायची. मी कोनाड्यात, ती उंबऱ्यात. तिच्या हातांचा कापसातला सरसर आवाज रेकॉर्डरला लागायचा, पण मी तिला ऊठ म्हटलं नाही. ती बसली की मला नीट वाजवता यायचं. त्या अडीच महिन्यांत चार धुना झाल्या, त्यातल्या दोन धुनांत भावाचा डफ आहे. मी सांगतो, माझ्या आयुष्यात त्याहून चांगले दिवस आले नाहीत. आणि तेच दिवस आता आठवायला नको वाटतात, कारण तिला मधूनमधून खोकला यायचा आणि मी म्हणायचो, "याडी, थांब थांब, टेक चालू हाये." ती तोंडाला पदर लावून खोकला दाबायची. डोळ्यांत पाणी यायचं तिच्या. टेक संपेपर्यंत दाबून धरायची.

भाऊ कापूस काढायचं म्हणत होता. मी म्हणालो, "होळीपर्यंत थांब ना बावा. एकच धून राह्यली." तो म्हणाला, "कापसाले बासरी आयकवली तं वजन वाढते का त्याचं?" पण थांबला. माझ्यासाठी थांबला, हे लिहायलाच हवं.

राहिलेली धून म्हणजे ढावलो. याडीला पुन्हा दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर, मी कुठी जाऊन राह्यली. मग मी चोरी केली.

संक्रांतीनंतर बहीण चार दिवस आली होती. ती निघाली त्या सकाळी मी मोबाइल चालू करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला आणि दोघींच्या अगदी जवळ उभा राहिलो, पिशवी धरायच्या निमित्तानं. याडीनं तिला गळ्याशी धरलं. त्या दिवशी दोन-तीन ओळींवर थांबली नाही. सात ओळी झाल्या. काय तिला वाटलं कोण जाणे. मध्ये तिचा दम अडकायचा, खोकल्याची उबळ यायची, नाक ओढायची, मग पुन्हा सूर धरायची. बहीणही त्या दिवशी ऑटोवाल्याचं काही बोलली नाही. मी पिशवी धरून उभा होतो आणि माझं सगळं लक्ष खिशातल्या मोबाइलकडं होतं. सख्खी बहीण चालली, आई रडते आहे, आणि मी मनात म्हणतो आहे, शर्ट घासू नये म्हणजे झालं! असा मी.

ते लॅपटॉपवर घेतलं. आणि मित्रानं शिकवलं होतं तसं साफ केलं. दम काढले, हुंदके काढले, खोकला काढला, नाक ओढलेलं काढलं. एकेक शोधून, मोठा करून, कापून. सात ओळी एकमेकींना लागून आल्या. स्वच्छ. मला भारी अभिमान वाटला. मोबाइलमध्ये जागा भरली होती म्हणून मूळचं पुसूनही टाकलं. चाल तर मिळाली होती, आता ते ठेवून करायचं काय, असं वाटलं.

आठ-दहा दिवस त्या सात ओळी बासरीवर बसवल्या. पंचमावरून घसरणारा तो सूर पुढं कुठं जातो, ते कळलं. वाजवलं, रेकॉर्ड केलं, त्यातलेही माझे दम काढून टाकले, आणि याडीला हेडफोन लावून ऐकवलं. चेहरा कसा होतो ते पाहायला समोर बसलो.

ती ऐकत राहिली. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "हे तं माहं हाये," ती म्हणाली. "कवा घेतलं?"

मी सांगितलं.

रागावली नाही. मला वाटलं होतं रागावेल. हेडफोनकडं बोट करून म्हणाली, "पण हे रडणारी बाई कोण? दमच नाही घेत ते. रडणारं मानूस दम घेते रे. दमातच तं रडणं असते. मधात नुसतं बोलणं असते."

मी म्हटलं, "दम मी काढून टाकले. साफ केलं."

"साफ केलं!" ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला उबळ आली. किती तरी वेळ खोकत राहिली. मी पाठ चोळली. हाताला तिच्या फासळ्या लागल्या. मला वाटलं, ही कधी एवढी वाळली?

त्यानंतर मी माझे दम ठेवून वाजवून पाहिलं. पण ते माझे दम होते, भरल्या छातीचे, ऑर्केस्ट्रात कमावलेले. तिचा दम कुठं तुटत होता, कुठं लांबत होता, कुठं दोनदा येत होता, ते कुठं होतं आता? मीच पुसलं होतं. कापसात बसून मी त्या सात ओळी लावायचो आणि जोडांच्या जागी कान देऊन ऐकायचो. जोड इतके सफाईनं केले होते, की कुठं आहेत तेही सापडत नव्हते. इतका राग आला स्वतःचा, की बासरी भिंतीवर आपटणार होतो. भिंत कुठं होती, कापूस होता.

याडीला पुन्हा विचारलं. या वेळी हात जोडून. "चोरून नेलं ते नेलं," ती म्हणाली, "पुरा मांगू नको. निघीन तवा म्हणीन म्हनलं ना तुले?"

होळीच्या आठ दिवस आधी तिचा दम इतका वाढला, की तिला उशीला टेकूनही झोपता येईना. यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, नळी लावून ऐकलं आणि चष्म्यातून आमच्याकडं पाहत विचारलं, "घरात कापूस भरून आहे का?"

भावानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "आहे."

"किती दिवसांपासून?"

मी सांगितलं.

"जुना दमा आहे त्यांचा. पण हे तंतू अन् ही धूळ..." असं म्हणून ते लिहायला लागले. पुढं काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. कापूस नसता तरी हे झालं असतं का, असं मी विचारणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. विचारलं नाही. हो म्हणाले असते तरी मी विश्वास ठेवला नसता.

दुसऱ्याच दिवशी भावानं टेम्पो बोलावला. दिवसभर कापूस भरून जात होता. माझा कोनाडा कुठं होता तेही संध्याकाळपर्यंत ओळखू येईना. खोली झाडून झाल्यावर भाऊ मला म्हणाला, "घे. झाली रिकामी. वाजव आता." तो चिडूनही बोलला नाही, थकून बोलला. रिकाम्या खोलीत त्याचा आवाज घुमला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. त्यानंतर त्यानं तो विषय कधी काढला नाही, आणि मीही काढला नाही.

याडी परत आली ती हवेची मशीन घेऊन. समोरच्या खोलीत तिची खाट, नाकात नळी, आणि खाटेशेजारी ती मशीन दिवसरात्र घूं घूं करत राहायची. लाइट गेली की सगळ्यांची धावपळ. त्या घूं घूंवर याडीचा दम चालायचा. आत, थांब, बाहेर, थांब. मला तर दुसरं काही ऐकूच येईना. ताटावर बसलो तरी तेच मोजत बसायचो. जे मी एकेक शोधून कापून टाकलं होतं, ते आता घरभर भरलं होतं, आणि सूर मात्र कुठंच नव्हता. चार वाक्यं बोलली तरी ती दमून जायची.

तिच्याच ते ध्यानात आलं असावं. एकदा भावजय तिला पेज भरवत होती आणि मी पलीकडं बसलो होतो. याडी मला म्हणाली, "भर ना आता तुह्या डबीत. आता तं नुसता दमच दम हाये. साफ कराचंच काम नाही." रेकॉर्डरला ती डबी म्हणायची. भावजय हसली. मलाही हसू आलं, आणि मग उठून मागच्या अंगणात जाऊन मी रडलो. सुरात नाही. आपलं असंच, येईल तसं.

चैत्राचे दिवस होते. ऊन कडक. भाऊ आणि भावजय वावरात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, वेचायला गेले होते. घरात मी आणि ती. दुपार होती. मी खाटेशेजारी खाली बसून बासरीच्या दोऱ्या बदलत होतो. तिला झोप लागली असं मला वाटलं होतं.

"डबी कुठी हाये तुही?" ती म्हणाली.

"हाये आत. काहून?"

"आण. म्हणते."

मला कळलं. लगेच कळलं, तरी विचारलं. "काय म्हणतं?"

"तुले पायजे होता ना. पुरा म्हणते आता." दम घेतला. "दमासकट. काढून नको टाकजो."

वर्षभर मी ज्या एका गोष्टीसाठी तिच्यामागं लागलो होतो, विनवण्या केल्या, चोरी केली, कापूस धरून ठेवला, ती गोष्ट ती स्वतःहून देत होती. आणि मी जागचा उठलो नाही, हातातली दोरीच ओढून बांधत राहिलो. कारण कायदा मला माहीत होता. तिनंच सांगितला होता.

"याडी," मी म्हटलं, "ढावलो जाणारीनं म्हणा लागते ना? तू कुठी जाऊन राह्यली?"

नळीमुळं तिला नीट हसता येत नसे, तरी हसली. "आण ना रे पोट्ट्या," म्हणाली. "कायले वाद घालतं."

मी आत गेलो. रेकॉर्डर पिशवीत होता. चालू करून पाहिला. चारही दिवे हिरवे लागले. कितीतरी वेळ मी तो हातात धरून रिकाम्या खोलीत उभा राहिलो. मला भीती वाटली, दुसरं काही नाही. मी ते बटण दाबलं तर तिच्या जाण्याला मीच हो म्हटलं असं होईल, असं वाटलं. तिनं म्हटलं नाही तर ती जाणार नाही, असंही वाटलं. मोठा माणूस मी, केस पिकलेले, आणि असा विचार केला.

बाहेर येऊन म्हटलं, "चार्जिंग नाही याडी."

"मंग लाव ना चार्जिंगले."

खाटेजवळ एकच बोर्ड आहे. एका भोकात तिची हवेची मशीन, दुसऱ्यात मी रेकॉर्डरची वायर लावली, तिला दिसेल अशी. दिवे माझ्याकडं वळवून ठेवले. ती खाटेवरून त्याच्याकडं पाहत पडून राहिली. जरा वेळानं म्हणाली, "झाली का?"

"आखीन नाही."

मशीन घूं घूं करत होती. मी दोऱ्या गुंडाळत होतो.

"आता?"

"आखीन थोडा वेळ लागते."

भाऊ वावरातून येईपर्यंत तिनं अजून एकदा विचारलं. मी म्हटलं, जुनी बॅटरी आहे, वेळ घेते. ती म्हणाली, "बरं. भरू दे पुरी." दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाच विचारलं, तेही शब्दांनी नाही, बोर्डाकडं बोट करून. मी मान हलवली, नाही म्हणून.

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही. भावानं हवेच्या मशीनची वायर बोर्डातून काढली, तेव्हा शेजारी रेकॉर्डर तसाच लावलेला होता. चारही दिवे पहिल्यापासून हिरवेच होते.